मार्बरी चीनला गेला म्हणजे त्याचं संपलं होतं का?

प्रश्न: पीजी_नवीपेठ

नमस्कार. मी सोलापूरची, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळते. एक वाद मिटवायचा आहे, आणि त्याला जोडून माझा स्वतःचाही एक प्रश्न आहे.

अमेरिकेच्या स्टेफॉन मार्बरीच्या जुन्या क्लिप बघून मी क्रॉसओव्हर (बॉल एका हातातून दुसऱ्या हाताकडे टाकून चकवणं) शिकले. आमच्या ग्रुपमधले निम्मे म्हणतात, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, कुणी दारात उभं करेना म्हणून तो चीनला गेला, तिथंच त्याचं करिअर संपलं. एक सीनियर तर म्हणतो, "चीनमध्ये काय बे, कुणीपण जाऊन चॅम्पियन होतंय." बाकीचे म्हणतात, बीजिंगमध्ये त्याचा पुतळा आहे, म्हणजे काहीतरी केलंच असणार. मला शोधून शोधून नुसते आकडे सापडतात. नेमकं काय झालं ते कुणी क्रमाने सांगेल का?

माझं असं आहे की दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाने मला खेळण्यासाठी विचारलंय. फी माफ, होस्टेल. घरचे तयार आहेत. पण मैदानावर जो तो म्हणतो, "गेलीस की इथलं खातं बंद." बाहेर जाऊन खेळणाऱ्याकडे लोक असंच बघतात का?

उत्तर: सातरस्ता_जम्पर

मी तुझ्या सीनियरच्या बाजूने लिहितो. मार्बरीवर माझा राग नाही. मी मिनेसोटाच्या केव्हिन गार्नेटचा चाहता, त्यामुळे तिथली मार्बरीची वर्षं बारकाईने पाहिली आहेत. १९९७मध्ये ती टीम पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेरीला, गेली ती या दोन पोरांच्या जिवावर. मग गार्नेटला सहा वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार मिळाला. पुढे लीगने खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा घातली, मार्बरीला तेवढे पैसे मिळण्याची वाट बंद झाली, आणि १९९९मध्ये तो बाहेर पडून न्यू जर्सीच्या नेट्स टीमकडे गेला. ती जोडी आठ-दहा वर्षं टिकायला हवी होती असं मला आजही वाटतं.

२००१मध्ये नेट्सनी त्याला फिनिक्सला देऊन जेसन किडला घेतलं. पुढची सलग दोन वर्षं, २००२ आणि २००३, नेट्स फायनलला. तोच कोच, बरीचशी तीच टीम, मोठा बदल पॉइंट गार्डचा. याला मी योगायोग म्हणत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर कोचशी उघड भांडणं. चीनची लीग एनबीएपेक्षा बरीच खाली आहे, हे मान्य करण्यात त्याचा काही अपमान नाही.

उत्तर: पूर्वभाग_पीटी_सर

पोरी, आधी मार्बरीचं सांगतो, तुझ्या विद्यापीठाचं शेवटी.

सातरस्ता यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. पण ते न्यूयॉर्कला येऊन थांबतं, आणि माझ्या दृष्टीने या माणसाची खरी गोष्ट त्यानंतरची आहे. मी आयुष्यभर पोरांना बास्केटबॉल शिकवला, नव्वदीच्या दशकात केबलवर सकाळी एनबीए दिसायला लागलं तेव्हापासून हा खेळाडू बघत आलोय, म्हणून जरा लांबवतो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अगदी समुद्राच्या टोकाला कोनी आयलंड आहे. तिथं सरकारी घरांच्या उंच इमारती आणि मध्ये खेळायची कोर्टं. मार्बरी सात भावंडांतला सहावा. एरिक, डॉनी आणि नॉर्मन हे तिघं मोठे भाऊ त्याच्याआधी त्याच कोर्टवर नाव कमावून बसलेले. प्रत्येकाच्या वेळी घराला वाटलं, हा एनबीएत जाणार. एकही पोचला नाही. मग नंबर याचा. तिघांचं राहून गेलेलं एका पोराने पुरं करायचं, हे ओझं तो शाळेत असल्यापासून वाहत होता. पैशाच्या बाबतीत तो असा का वागला याचं उत्तर मला या घरात दिसतं. जॉर्जिया टेकमध्ये एकच वर्ष काढून १९९६च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तो चौथ्या नंबरवर निवडला गेला, वय १९. त्याच ड्राफ्टमध्ये आयव्हरसन पहिला, कोबी ब्रायंट तेरावा, स्टीव्ह नॅश पंधरावा. अशा वर्षी चौथा नंबर म्हणजे काय ते तुला कळेल.

एनबीएचं थोडक्यात. मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स, मग जानेवारी २००४पासून घरचं गाव न्यूयॉर्क, शेवटी थोडे महिने बोस्टन. दोनदा ऑल-स्टार, २००१ आणि २००३. सगळी मिळून सरासरी १९.३ पॉइंट, ७.६ असिस्ट. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्पेनविरुद्ध ३१ पॉइंट टाकले. एका मॅचमधला तो अमेरिकेचा तेव्हाचा ऑलिम्पिक विक्रम होता. तरी टीमच्या हाती ब्राँझ आलं.

आता एक गोष्ट जी वादात कुणी काढत नाही. २००६मध्ये त्याने 'स्टारबरी' नावाचे बूट आणले, किंमत १४ डॉलर ९८ सेंट. मोठ्या खेळाडूंच्या नावाचे बूट तेव्हा शंभर-दीडशे डॉलरना जात होते. आणि हेच १५ डॉलरचे बूट पायात घालून तो स्वतः एनबीएच्या मॅच खेळला. कोनी आयलंडच्या पोरांच्या आयांना परवडावेत म्हणून. माझ्या कोर्टवर चांगल्या घरची आणि विडी वळणाऱ्या बायांची अशी दोन्हीकडची पोरं एका लाइनीत उभी असतात. कोणाच्या पायात काय आहे ते सगळ्यात आधी दिसतं. घसरणाऱ्या तळव्यांचे कॅनव्हासचे बूट घालून पोरगी डिफेन्सिव्ह स्लाइड करायला लागली की माझं अर्धं लक्ष तिच्या घोट्याकडे असतं. त्यामुळे या माणसाबद्दल माझं मत त्या बुटांपासूनच बदललं. ते विकणारी दुकानांची साखळी २००८मध्ये बुडाली आणि बूटही मागे पडले.

त्याच काळात सगळं ढासळत होतं. डिसेंबर २००७मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची मॅच चालू असताना वडिलांना छातीत दुखायला लागलं, आणि ते गेले हे त्याला मॅच संपल्यावर कळलं. पुढच्या मोसमात नवा कोच आला आणि त्याने मार्बरीला एकाही मॅचमध्ये उतरवलं नाही. पगार जवळपास २ कोटी डॉलर, आणि काम म्हणजे साध्या कपड्यांत बाकावर बसणं. फेब्रुवारी २००९मध्ये न्यूयॉर्कने त्याला मोकळं केलं. त्या उन्हाळ्यात तो इंटरनेटवर सलग चोवीस तास कॅमेरा लावून बसला, रडला, वेडंवाकडं वागला, आणि सगळ्या जगाने ते बघून करमणूक करून घेतली. नंतर त्याने स्वतः सांगितलं की त्या दिवसांत त्याला मरावंसं वाटत होतं. वडील गेलेला, हातातला खेळ गेलेला ३२ वर्षांचा माणूस होता तो. माझ्या हाताखालची दोन पोरं अशा अवस्थेतून गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून त्या व्हिडिओंवर कुणी हसलं की मला अजून राग येतो.

आता चीन. लोकांना वाटतं तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पुतळा उभा राहिला. तसं नाही.

जानेवारी २०१०मध्ये तो शान्शी प्रांतात ताययुआनला गेला. कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख, कडाक्याची थंडी. तिथे लोकांनी डोक्यावर घेतलं, पण वर्ष पालटलं तसं क्लबने त्याला नको म्हटलं. पुढचा मोसम दक्षिणेला फोशानमध्ये, टीम कमजोर, प्लेऑफ नाही. म्हणजे चीनमध्येही दोन दारं बंद झाली. फक्त पैशासाठी आलेला माणूस इथं बॅग भरतो. त्याने २०११मध्ये तिसरं दार ठोठावलं, बीजिंगचं. या क्लबने चीनच्या या लीगचं विजेतेपद तोवर एकदाही मिळवलं नव्हतं.

"कुणीपण जाऊन चॅम्पियन होतंय" म्हणणाऱ्या तुझ्या सीनियरला नेमकं हेच वर्ष वाचायला लाव. २०११मध्ये एनबीएत मालक आणि खेळाडूंचा वाद होऊन लीगला टाळं लागलं होतं. जे. आर. स्मिथ, केनियन मार्टिन, विल्सन चँडलर, ॲरन ब्रूक्स हे सगळे एनबीए खेळाडू तेव्हा चीनमध्ये खेळत होते. ब्रूक्स तर ग्वांगडाँगकडे, आणि ग्वांगडाँग म्हणजे आधीची सलग चार वर्षं चॅम्पियन. कुणीपण जिंकत असतं तर त्या मोसमात जिंकायला तरणे गडी भरपूर होते. फायनलमध्ये ग्वांगडाँगला ४-१ हरवलं ते ३५ वर्षांच्या मार्बरीच्या बीजिंगने. ३० मार्च २०१२ची पाचवी मॅच १२४-१२१ सुटली, त्यात त्याचे एकट्याचे ४१.

पण ४१वर जाऊ नकोस. मी ती मॅच पोरांना दाखवतो ती दुसऱ्या कारणासाठी. चीनच्या लीगमध्ये तेव्हा एका टीमला दोन परदेशी खेळाडू, आणि त्या दोघांनी मिळून चार क्वार्टरमध्ये सहाच वेळा उतरायचं असा नियम होता. म्हणजे दोन क्वार्टरमध्ये दोघं एकदम, उरलेल्या दोन क्वार्टरमध्ये एकच. बाहेरून आलेला कितीही भारी असला तरी स्थानिक पोरांना बॉल दिल्याशिवाय त्याचा निभाव लागत नाही. बीजिंगचा दुसरा परदेशी रँडॉल्फ मॉरिस, जवळपास सात फूट उंच, न्यूयॉर्कमधला त्याचा जुना सहकारी. आता बघ काय होतंय. मार्बरी वरून डावीकडे येतो, मॉरिस स्क्रीन लावतो, म्हणजे मार्बरीला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. तो अडवणारा स्क्रीनला अडकतो, मॉरिसला अडवणारा पुढे येतो, क्षणभर दोघंही मार्बरीवर. न्यूयॉर्कचा मार्बरी इथं बॉल ठेवून त्या दोघांमधून घुसायचा, बऱ्याच वेळा बास्केटही करायचा, आणि कोपऱ्यात उभा असलेला पोरगा नुसता बघत राहायचा. बीजिंगचा मार्बरी अर्धं पाऊल थांबतो. मॉरिस रिंगकडे वळतो, त्याला अडवायला कोपऱ्यातला डिफेंडर आत सरकतो, आणि तो सरकला रे सरकला की बॉल कोपऱ्यात. तिथला चिनी पोरगा पाय लावून, हात तयार ठेवूनच उभा असतो, कारण बॉल येणार याची त्याला खात्री झालेली असते. ही खात्री सरावात तयार होते, दुसरीकडे कुठे नाही.

सातरस्ता म्हणतात त्याने टीमला वर नेलं नाही. २०१२पर्यंत मलाही त्यावर उत्तर देता आलं नसतं. त्यानंतर त्याच टीमने २०१४मध्ये शिनजियांगला आणि २०१५मध्ये लिआवनिंगला फायनलमध्ये ४-२ हरवलं. चार वर्षांत तीन विजेतेपदं, तिन्ही वेळा कोच तोच, मिन लुलेई. २०१५च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू मार्बरी, वय ३८. ज्या माणसाचं कुठल्या कोचशी जमत नाही म्हणायचे, तो एका कोचबरोबर तीन वेळा चॅम्पियन झाला.

आणि तो तिथे राहिला. मोसम संपला की अमेरिकेचं विमान पकडायचं, ही बहुतेक परदेशी खेळाडूंची रीत. हा मेट्रोने फिरायचा, लोकांत मिसळायचा. बीजिंगने २०१४मध्ये त्याला मानद नागरिक केलं, पुढे चीनचं कायम वास्तव्याचं कार्ड मिळालं, जे परदेशी माणसाला सहजी मिळत नाही. २०१७मध्ये त्या क्लबशी वाट वेगळी झाली तर बीजिंगमधल्याच दुसऱ्या क्लबकडून एक मोसम खेळला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये, ४० वर्षं पूर्ण झालेली असताना, थांबला. २०१९मध्ये त्याच दुसऱ्या क्लबचा मुख्य कोच झाला.

माझे आजोबा तेलंगणातून मागावर बसायला सोलापुरात आले. हा अर्धा पूर्व भाग तसाच आलेला आहे. गावाकडे त्यांचंही "खातं बंद" म्हणणारे असतीलच. इथं आमची तिसरी-चौथी पिढी घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलते, इथंच लग्नं होतात, इथंच मरतात. म्हणून बाहेर गेला म्हणजे संपला, हे वाक्य सोलापूरकराच्या तोंडी आलं की मला ते पटतच नाही.

तुझं विद्यापीठ राहिलं. त्यावर आधी तू सांग, तिथल्या टीममध्ये आत्ता पॉइंट गार्ड कोण आहे आणि ती कुठल्या वर्षाला आहे?

उत्तर: रॅपियर_लूम

पीटी सर, छान लिहिलंत. मी खेळाडू नाही, टॉवेलच्या धंद्यातला. मशिनरीच्या कामाने चीनला जाणं होतं, म्हणून एक-दोन गोष्टी जोडतो.

बीजिंगला वुकसाँगचं स्टेडियम आहे, २००८च्या ऑलिम्पिकचं बास्केटबॉल तिथे झालं होतं. मार्बरीचा पुतळा त्याच्या बाहेर, २०१२च्या विजेतेपदानंतर उभा केलेला. मला तो कोण हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या दुभाष्याला विचारलं तर त्याने चालता चालता थांबून मला अख्खी फायनल सांगितली, हातवारे करून. मी ज्या कारखान्यात निघालो होतो तिथली वेळ टळली तरी त्याचं संपेना. खेळाडूबद्दल असं बोलणारा माणूस मी आपल्याकडे फक्त क्रिकेटबाबत पाहिला आहे.

दुसरी गोष्ट सोलापूरकरांना सांगायलाच हवी. हपै प्रांतात शिजियाझुआंग नावाचं शहर आहे, आपल्यासारखंच कापडाचं. तिथल्या शहीद स्मारकात आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे. १९१०चा सोलापूरचा जन्म. १९३८मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते. तिथली भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. मी सोलापूरचा आहे असं सांगितलं आणि समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना कोटणीसांचं गाव म्हणून कळलं, तेव्हा त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याकडे भैया चौकातल्या स्मारकासमोरून रोज गाड्या जातात, आत जाणारे थोडे.

युद्धात जीव वेचलेल्या डॉक्टरची आणि पगार घेऊन खेळणाऱ्या खेळाडूची बरोबरी मी करत नाही. एवढंच बघितलं, की आपल्यात राहायला आलेल्या परक्या माणसाला ते लोक विसरत नाहीत. मार्बरीला तिथे एवढं का मिळालं हे मला त्या समाधीपाशी जास्त कळलं.

उत्तर: सातरस्ता_जम्पर

सर, २०१४ आणि २०१५चं मी धरलं नव्हतं. तिथे मिळून-मिसळून खेळला हे मान्य. पण माझा मुद्दा थोडा शिल्लक राहतो. हाच पास त्याने २५व्या वर्षी गार्नेटला दिला असता तर? त्याचं दुःख आहे मला. चीनमधल्या तीन ट्रॉफ्यांनी ते भरून येत नाही.

उत्तर: पीजी_नवीपेठ

सर, खूप खूप धन्यवाद. तो कोपऱ्यातला पास मी आज तीनदा थांबवून थांबवून पाहिला. रॅपियर_लूम काका, मी शाळेच्या सहलीत कोटणीस स्मारकात गेले होते, पण शिजियाझुआंगचं माहीत नव्हतं.

दोन गोष्टी. त्याला एकाही मॅचमध्ये न उतरवणारा तो कोच कोण? आणि मुलींचं काय? परदेशात जाऊन खेळणं हे फक्त पुरुषांचंच दिसतं सगळीकडे.

विद्यापीठात सध्याची पॉइंट गार्ड शेवटच्या वर्षाला आहे. कोच म्हणाल्या, पहिल्या वर्षी बाकावर, दुसऱ्या वर्षापासून खेळ.

उत्तर: पूर्वभाग_पीटी_सर

सातरस्ता, ते दुःख मलाही आहे. ते राहू द्या तसंच. मार्बरी आणि गार्नेट एका टीममध्ये म्हातारे झालेले बघायला मिळायला हवे होते.

पोरी, तो कोच माईक डी'अँटोनी. आणि त्याचं आयुष्य बघितलंस तर थक्क होशील. हा वेस्ट व्हर्जिनियाचा गार्ड, एनबीएत जम बसला नाही, १९७७मध्ये इटलीत मिलानला गेला आणि १९९०पर्यंत तिथेच खेळला. पाच वेळा इटलीची लीग, १९८७ आणि १९८८ला लागोपाठ युरोपचा चषक. त्या दोन चषकांत त्याच्या शेजारी बॉब मॅकॲडू होता, जो १९७५चा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू. मिलानने डी'अँटोनीचा ८ नंबर निवृत्त केला. इटलीच्या राष्ट्रीय टीमकडून खेळला, कोच झाला तोही आधी इटलीतच. म्हणजे परदेशात जाऊन दुसरं आयुष्य उभं करता येतं हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने सगळ्यात चांगलं माहीत होतं, त्याच्याच हाताखाली मार्बरी बाकावर बसला होता. त्या दोघांत यावर कधी बोलणं झालं असतं तर फार बरं झालं असतं असं मला वाटतं.

मुलींचं विचारलंस ते बरं केलंस, कारण खरं तर परदेशी खेळणं हे अमेरिकेत पुरुषांपेक्षा मुलींनाच जास्त करावं लागलं आहे. डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे तिथल्या बायकांच्या लीगचा, पगार इतका कमी होता की तिथल्या भल्याभल्या खेळाडू उन्हाळ्यात घरी आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये खेळायच्या. वर्षभर विश्रांती नाही. डायना टॉरासीला २०१५मध्ये तिच्या रशियन क्लबने पैसे दिले ते अमेरिकेतला मोसम न खेळता आराम करण्यासाठी. रशियात तिला सुमारे १५ लाख डॉलर मिळत होते, घरच्या लीगमध्ये लाखाच्या थोडे वर. त्याच क्लबकडून खेळणारी ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरपर्यंत तुरुंगात राहिली. बाहेर जाण्यात धोका नसतो असं मी तुला सांगणार नाही.

आपल्याकडची हवी असेल तर गीतू अण्णा जोस. केरळची, दक्षिण रेल्वेची नोकरी, भारताची कॅप्टन. ऑस्ट्रेलियात रिंगवुडच्या क्लबकडून खेळून आली आणि २०११मध्ये डब्ल्यूएनबीएच्या टीमकडे चाचणी देऊन आली. निवड झाली नाही. तरी परत येऊन भारताकडून खेळलीच, कुणी तिचं खातं बंद केलं नाही. मुलांमध्ये अमृतपाल सिंग जपानमध्ये खेळला, मग ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टीमकडून. तोही भारताच्या टीममध्ये होताच.

आता तुझ्या कोचबाईंचं उत्तर. पहिल्या वर्षी बाकावर बसावं लागेल असं ज्या तोंडावर सांगतात, त्यांच्याकडे जायला मला भीती वाटत नाही. गोड बोलून नेणारे मी जास्त बघितलेत. माझ्या एका चांगल्या खेळाडूला असंच बाहेर नेलं, कागदावर काही नाही, गुडघा दुखावला तेव्हा उपचाराचा खर्च घरच्यांवर आला. त्यामुळे जाण्याआधी एवढं लेखी घे: फी माफी एका वर्षाची की पूर्ण कोर्सची, दुखापत झाली आणि वर्षभर खेळता आलं नाही तर ती चालू राहते का, आणि दुखापतीचा खर्च कोण करणार. टीमला फिजिओ आहे का तेही विचार. महाराष्ट्राकडून खेळण्याचं काय होईल हे मैदानावरच्या कुणाला विचारू नकोस, मलाही नको. राज्य संघटनेला अर्ज करून लेखी उत्तर माग, आणि तिथल्या संघटनेकडेही. नियम बदलत असतात, तोंडी कुणाचं ऐकून चार वर्षं ठरवायची नसतात.

बाकावरच्या वर्षात काय करायचं तेही सांगतो. सध्याच्या पॉइंट गार्डच्या शेजारी बसायचं, ती टाइम आउटला काय बोलते ते ऐकायचं, आणि सरावात कोपऱ्यातल्या शूटर मुलींना रोज पास द्यायचे, प्रत्येकीला बॉल छातीशी हवा की थोडा वर, उजवीकडे की डावीकडे, ते पाठ होईपर्यंत. भाषा वेगळी असेल तर पहिल्या महिन्यात कोर्टवर लागणारे शब्द शिकून घे. स्विच, स्क्रीन सगळीकडे तेच असतं, पण "मागे बघ" आणि "तुझी चूक नाही" हे त्यांच्याच भाषेत म्हणता आलं पाहिजे.

दोन्ही संघटनांची उत्तरं आली की इथे टाक, कागद मी वाचतो. आणि निघायच्या आधी आठवडाभर सकाळी साडेपाचला आमच्या कोर्टवर ये, ऊन चढायच्या आत दीड तास मिळतो. क्रॉसओव्हर चांगला असेल तुझा, पण त्याच्या पुढचा डाव्या हाताचा पास बघायचाय मला. तुझा बॉल घेऊन ये, सिमेंटवर आमच्या बॉलचे दाणे पार गेलेत.

उत्तर: पीजी_नवीपेठ

सोमवारपासून येते सर. आज दोन्ही अर्ज लिहायला घेतले आहेत.